नोय्यलमधले मीठ : तिरुप्पूरची रंगाई आणि पंधरा वर्षांची न्यायालयीन लढाई

तमिळनाडूतल्या तिरुप्पूरच्या रंगाई आणि ब्लीचिंग कारखान्यांनी नोय्यल नदी कशी खारवली आणि शासन, प्रदूषण नियंत्रण मंडळ व न्यायालये यांनी त्यावर काय केले, याचे हे प्रकरण. १९९६ साली नदीकाठच्या शेतकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि २०११ च्या जानेवारीत एका आदेशाने सगळे कारखाने बंद झाले. मधल्या पंधरा वर्षांत कायदा होता, मंडळ होते, मर्यादा ठरलेल्या होत्या, शुद्धीकरण प्रकल्प उभे राहिले होते, पुढे दंडही लागला. तरी नदीत मीठ जातच राहिले. असे का झाले, याचे उत्तर मला मुख्यतः दोन निर्णयांत दिसते : १९९८ नंतर मंजूर झालेली शुद्धीकरणाची पद्धत आणि २००६ मध्ये ठरलेला दंडाचा दर.

नदी, धरण, शहरे आणि न्यायालयांचे आदेश सार्वजनिक नोंदीतले आहेत. कारखाने, मालक, शेतकरी आणि अधिकारी यांची नावे इथे दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

नोय्यल पश्चिम घाटातल्या वेळ्ळियंगिरी डोंगरात उगम पावते. कोइंबतूरवरून तिरुप्पूरला येते आणि पुढे इरोड-करूरच्या बाजूने जाऊन कावेरीला मिळते. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. पावसाळ्यातले काही आठवडे सोडले तर नदीला स्वतःचे पाणी असे फारसे नसते. तिच्यावर जुन्या काळापासून बंधारे आणि तलावांची साखळी आहे, ती याच कारणाने : आलेले थोडे पाणी अडवून वर्षभर पुरवायचे. नदी कोरडी असली की तिच्यात जे सोडाल तेच तिचे पाणी होते, ही गोष्ट पुढच्या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

तिरुप्पूर हे होजिअरीचे गाव. देशी बाजारासाठी बनियन विणणाऱ्या या गावाने १९८० च्या दशकात निर्यातीत पाय रोवला आणि टी-शर्टची मागणी वाढली तशी रंगाईही वाढली. पांढऱ्या बनियनला फक्त ब्लीचिंग लागते. निर्यातीच्या मालाला मात्र शेकडो छटा लागतात. १९९७ च्या सुमारास शहरात आणि आसपास रंगाई-ब्लीचिंगचे आठशेहून अधिक कारखाने होते.

या धंद्याची घडण समजून घेतली पाहिजे, कारण जबाबदारी कुणाची हा प्रश्न तिथेच अडकतो. तिरुप्पूरमध्ये विणकाम एकाकडे, रंगाई दुसऱ्याकडे, छपाई तिसऱ्याकडे, कटिंग आणि शिलाई चौथ्याकडे अशी वाटणी असते. रंगाईवाला बहुधा जॉब वर्क करतो. कापड निर्यातदाराचे असते, रंगाईवाल्याला किलोमागे मजुरी मिळते. मजुरीचा दर जिथे कमी तिथे कापड जाते. सांडपाणी मात्र रंगाईवाल्याच्या नावावर पडते. ज्याच्या ऑर्डरसाठी ते पाणी रंगले तो निर्यातदार, आणि त्याच्याही पलीकडचा परदेशी खरेदीदार, मंडळाच्या कागदावर कुठेच येत नाही.

पाण्याचीही गोष्ट आहे. रंगाईला गोडे पाणी लागते. शहराखालचे भूजल खारट झाल्यावर कारखान्यांनी आसपासच्या गावांतल्या विहिरींचे पाणी टँकरने विकत आणायला सुरुवात केली. काही शेतकऱ्यांना पिकापेक्षा पाणी विकणे परवडू लागले. पुढे कावेरीचे पाणी नळाने आणणारी मोठी योजना झाली. रोज साडेअठरा कोटी लिटरची ही योजना खासगी भागीदारीतली होती. तिच्यात उद्योगाला पाणी मिळाले आणि शहरालाही. उद्योगाची गोड्या पाण्याची तहान अशी भागली. खारे पाणी जायचे ते नोय्यलमध्येच.

अडचण नेमकी काय होती

सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग धरायला मीठ लागते. रंगाच्या भांड्यात साधे मीठ किंवा सोडियम सल्फेट, ज्याला धंद्यात ग्लॉबर सॉल्ट म्हणतात, भरपूर टाकले की रंग पाण्यातून धाग्याकडे ढकलला जातो. काम झाले की हे मीठ कापडात राहत नाही. जेवढे टाकले तेवढे सगळे सांडपाण्यात बाहेर येते. मंडळाची मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची. रंगाईच्या सांडपाण्यात तो पाच हजारांच्या वर सहज जायचा.

एक ढोबळ हिशेब करता येतो. २००१ च्या आसपास सातशे कारखाने मिळून रोज आठ कोटी लिटरहून अधिक सांडपाणी सोडत होते. लिटरमागे पाच ग्रॅम क्षार धरले तरी ते रोजचे चारशे टन होतात. दहा टनांचे चाळीस ट्रक मीठ दररोज एका कोरड्या नदीत ओतल्यासारखे.

रंग डोळ्यांना दिसतो, मीठ दिसत नाही. नदीचे पाणी कधी लाल, कधी निळे वाहते म्हणून आरडाओरड झाली आणि ती रास्तच होती. पण रंग हा या पाण्यातला सर्वांत सोपा भाग आहे. चुना आणि हिराकस टाकून ढवळले की रंग गाळासोबत खाली बसतो आणि वरचे पाणी बऱ्यापैकी नितळ होते. त्या नितळ पाण्यातले मीठ जागच्या जागी असते. उलट चुना आणि हिराकस यांचे क्षार त्यात मिसळून टीडीएस थोडा वाढतोच.

हे पाणी कुठे गेले? तिरुप्पूरच्या खाली तीसेक किलोमीटरवर ओरत्तुपाळयम येथे सिंचनासाठी धरण बांधले गेले. ते १९९२ साली पूर्ण झाले. हजारो एकर शेतीला पाणी देण्याची योजना होती. वरून पाऊसपाणी कमी आणि रंगाईचे पाणी जास्त येऊ लागले तसे धरण सांडपाण्याची टाकी बनले. काही वर्षांतच खालच्या शेतकऱ्यांवर असे सांगण्याची वेळ आली की धरणाचे दरवाजे उघडू नका, हे पाणी शेतात नको. स्वतःसाठी बांधलेल्या धरणाचे पाणी लाभक्षेत्रानेच नाकारावे, यापेक्षा स्पष्ट तक्रार कोणती असू शकते? साठलेले पाणी जमिनीत मुरत राहिले, धरणाच्या आसपासच्या विहिरी खाऱ्या झाल्या, जमिनी क्षारपड, म्हणजे क्षार साठून नापीक झाल्या. सांगली-शिरोळकडच्या वाचकांना क्षारपड शब्दाचा अर्थ समजावून सांगायला नको. पण तिथे तो बहुतांशी अतिपाण्यामुळे आणि निचरा नसल्यामुळे येतो. नोय्यलकाठी तो दुसऱ्याच्या कारखान्यातून आला.

पहिला फाटा : १९९६ ते २००१

करूर तालुक्यातल्या कालव्याच्या लाभधारकांनी १९९६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वेल्लूर भागातल्या चामडे कारखान्यांच्या प्रकरणात निकाल दिला होता. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी आणि शंका असेल तिथे सावधगिरी बाळगावी, ही तत्त्वे आपल्या कायद्याचा भाग असल्याचे त्यात सांगितले होते. जमीन तपासून नुकसानभरपाई ठरवणारे एक प्राधिकरणही त्या निकालातून तमिळनाडूत उभे राहिले. म्हणजे शेतकऱ्यांच्या हाती कायद्याचा आधार भक्कम होता.

१९९८ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्येक कारखान्याने एक तर सामुदायिक शुद्धीकरण प्रकल्पात सामील व्हावे किंवा स्वतःचा उभारावा, नाही तर बंद व्हावे. हा आदेश पाळला गेला, हे इथे नीट सांगायला हवे. आठ सामुदायिक प्रकल्प झाले, त्यांना पावणेतीनशे कारखाने जोडले गेले, सव्वाचारशेंनी स्वतःचे प्रकल्प बांधले आणि न बांधणारे दीडशेहून अधिक कारखाने बंद झाले. त्या काळच्या भारतात एवढ्या लहान कारखान्यांनी एवढ्या कमी वेळात प्रकल्प उभारणे ही सोपी गोष्ट नव्हती. मालकांनी कर्जे काढली, सरकारने अनुदान दिले.

आणि या सगळ्या प्रकल्पांत चुना, हिराकस, निवळण्याची टाकी आणि गाळण एवढेच होते. रंग गेला, सेंद्रिय भार कमी झाला, मीठ तसेच राहिले. कारखाना चालवायला मंडळ जे संमतीपत्र देते, त्यात २१०० ची मर्यादा होती. प्रकल्पाचे आराखडे त्याच मंडळाने पाहिले होते. या आराखड्यातून २१०० गाठणे शक्य नाही, हे कुणाही रसायन अभियंत्याला कागदावरच दिसले असते. मीठ काढायला आरओ, म्हणजे दाबाने बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षार मागे ठेवणारी यंत्रणा लागते. ती तेव्हा महाग होती, पण अस्तित्वात होती.

माझ्या मते हीच या प्रकरणातली सर्वांत महागात पडलेली चूक. अट लिहिली एक आणि यंत्रणा मंजूर केली दुसरीच. परिणाम असा झाला की पैसे खर्च करून, आदेश पाळून, प्रकल्प रोज चालवूनही प्रत्येक कारखाना रोजच कायदा मोडत होता. सातशेच्या सातशे जण दोषी असले की मंडळाला एकावरही कारवाई करता येत नाही, कारण तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. चुना-हिराकस न टाकता रात्री थेट नाल्यात पाणी सोडणारा आणि प्रामाणिकपणे प्रकल्प चालवणारा, दोघांच्या नमुन्याचा टीडीएस मर्यादेबाहेरच. मग प्रामाणिक माणसाने प्रकल्प चालवण्याचे पैसे का घालवावेत?

नमुने घेतले जात होते, नोटिसा निघत होत्या, सुनावण्या होत होत्या. दरम्यान धरणातली पातळी आणि विहिरींचा खारेपणा वाढत होता.

भरपाईचा आदेश

२००४ च्या अखेरीस नुकसानभरपाई प्राधिकरणाने नोय्यलकाठच्या अठ्ठावीस हजारांहून अधिक शेतकऱ्यांना मिळून सुमारे २५ कोटी रुपये द्यावेत असे ठरवले. कारखान्यांनी ते भरायचे होते. सरासरी काढली तर माणशी नऊ हजार रुपयेही होत नाहीत. वर्षानुवर्षे पीक बुडालेल्या, विहीर गेलेल्या कुटुंबासाठी ही रक्कम किती तोकडी होती ते कुणीही शेतकरी सांगेल. तरी या आदेशाचे महत्त्व मी कमी लेखणार नाही. नुकसान मोजले गेले, गावनिहाय नोंदले गेले, आणि ते कारखान्यांमुळे झाले हे शासकीय कागदावर आले. पुढच्या लढाईत या नोंदी उपयोगी पडल्या.

समोर असलेले पर्याय

लाभक्षेत्र बचाव संघटनेने २००३ मध्ये पुन्हा याचिका दाखल केली. तोवर मीठ हाच मुद्दा आहे हे कुणी नाकारत नव्हते. तज्ज्ञ समित्या बसल्या, देखरेख समिती आली. टेबलावर साधारण चार वाटा होत्या.

नदीत सोडून पातळ होऊ देण्याची वाट आपोआप बाद होती, कारण पातळ करायला नदीत पाणीच नव्हते.

दुसरी वाट मोठी नळवाहिनी टाकून खारे पाणी थेट समुद्रात नेण्याची. उद्योगाचा ओढा बराच काळ हिच्याकडे होता. समुद्रात मीठ आहेच, तिथे आणखी गेल्याने काय बिघडते, असा युक्तिवाद. तिरुप्पूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. वाटेतली गावे, जमिनी, गळती आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार यांचा प्रश्न होता. शिवाय पाण्यातले रंगाचे अवशेष आणि इतर रसायने समुद्रातही तशीच राहणार होती. योजना चर्चेत राहिली, प्रत्यक्षात आली नाही. तिने एक नुकसान मात्र केले : सरकार वाहिनी टाकेल या आशेवर अनेकांनी स्वतःची गुंतवणूक पुढे ढकलली.

तिसरी वाट स्थलांतराची. काही कारखाने जातीलही, पण विणकाम, शिलाई आणि रंगाई एकमेकांना खेटून असणे हीच तिरुप्पूरची ताकद. रंगाई गेली की बाकीचे ढिले पडते. आणि जिथे जाईल तिथल्या नदीचे काय?

चौथी, शून्य विसर्गाची. आरओने पाणी वेगळे काढायचे आणि ते कारखान्यातच परत वापरायचे. मागे राहिलेले तीव्र खारे द्रावण आटवून मीठ घन रूपात काढायचे. थेंबही बाहेर सोडायचा नाही. शेतकऱ्यांच्या दृष्टीने एवढीच वाट नदी वाचवणारी होती. अडचण आटवण्यात होती. बाष्पीभवन यंत्रांना प्रचंड ऊर्जा लागते, त्यांच्या नळ्यांवर क्षारांचे थर बसतात, ती वारंवार बंद पडतात. मिठागरासारखी उघडी तळी करावीत तर तेवढी जागा नाही.

२००६ चा आदेश आणि दंडाचा दर

२२ डिसेंबर २००६ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने शून्य विसर्गाचा आदेश दिला आणि ३१ जुलै २००७ ही मुदत घातली. तोपर्यंत दंड : जानेवारी २००७ पासून लिटरला ६ पैसे, मग ८ पैसे, मग १० पैसे. वसूल रक्कम धरण आणि नदीच्या सफाईकडे वळवायची होती.

दर चढता ठेवला होता, विचार चांगला होता. आकडा मात्र कमी होता. रोज एक लाख लिटर सोडणाऱ्या कारखान्याला १० पैशांनी दिवसाला दहा हजार रुपये, महिन्याला तीन लाख भरावे लागतात. आरओ आणि बाष्पीभवन दोन्ही धरून त्याच पाण्यावर शून्य विसर्ग साधायचा खर्च लिटरला १० पैशांच्या वर जातो, शिवाय सुरुवातीची कोट्यवधींची गुंतवणूक. म्हणजे दंड भरून पाणी सोडत राहणे हेच स्वस्त ठरत होते. दंडाची पावती हातात आली की मालकाला वाटू लागते, आपण किंमत चुकवली, आता हक्क झाला. न्यायालयाचा तसा हेतू मुळीच नव्हता. पण पैशात मोजलेली शिक्षा धंद्याच्या वहीत खर्चाच्या रकान्यात जाऊन बसते.

याचा अर्थ काहीच झाले नाही असा नाही. या काळात आरओ बसले, सामुदायिक प्रकल्प वाढून वीसच्या घरात गेले, शेकडो कोटी रुपये घातले गेले. अनेक प्रकल्पांत आरओपर्यंत काम व्यवस्थित पोहोचले आणि आरओनंतरच्या द्रावणापाशी अडले. ते द्रावण टाक्यांत, तळ्यांत साठत राहिले. साठायला जागा उरली नाही की ते कुठे जात असेल, हे खालच्या गावांना कळत होते.

उद्योगाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. ६ ऑक्टोबर २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उद्योगाचे म्हणणे फेटाळले. निर्यात, रोजगार आणि परकीय चलन यांचा दाखला देऊन नदी व शेती बुडवता येणार नाही, अशी भूमिका घेऊन शून्य विसर्गासाठी तीन महिने दिले. तीन महिने गेले, वर्ष गेले. शेतकरी अवमान याचिका घेऊन पुन्हा उच्च न्यायालयात उभे राहिले.

२८ जानेवारी २०११

उच्च न्यायालयाने त्या दिवशी सर्व रंगाई-ब्लीचिंग कारखाने आणि सामुदायिक प्रकल्प बंद करण्याचा, वीजजोड तोडण्याचा आदेश दिला. शून्य विसर्ग प्रत्यक्ष साधला आहे अशी मंडळाची खात्री झाल्यावरच ज्याचा त्याचा कारखाना किंवा प्रकल्प पुन्हा सुरू होणार होता. सातशेहून अधिक कारखाने एकदम थांबले.

शहरावर काय ओढवले ते हलके लेखू नये. रंगाईत काम करणारे तर घरी बसलेच, पण रंगलेले कापड नाही म्हणून कटिंग-शिलाईही अडली. दक्षिण तमिळनाडूतून, ओडिशा-बिहारमधून आलेले मजूर परतू लागले. सुताचे भाव त्याच वर्षी भडकले होते, त्याचाही मार बसला. निर्यातदार कापड ट्रकने इतर शहरांत, शेजारच्या राज्यांत रंगायला पाठवू लागले. काही ठिकाणी खेड्यांतल्या शेडमध्ये बेकायदा रंगाई सुरू झाली. मंडळाच्या पथकांनी अशी शेड शोधून पाडली, पण एक पाडले की दुसरे उभे राहायचे.

इथे जो निर्णय झाला तो या प्रकरणातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. न्यायालयाने बंदी उठवली नाही, पण एका सामुदायिक प्रकल्पाला चाचणी घेऊ दिली. अरुळपुरमच्या या प्रकल्पात आरओनंतरचे सगळे द्रावण आटवण्याचा हट्ट सोडला गेला. त्यातला रंग आणि पाणी जड करणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार काढून तेच मिठाचे द्रावण पुन्हा रंगाईच्या भांड्यात वापरायचे, अशी पद्धत बसवली. रंगाईला मीठ हवेच असते, मग ते फेकायचे कशाला? साध्या मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्ट वापरले की ते परत मिळवणे सोपे जाते, हेही कारखान्यांनी स्वीकारले. बाष्पीभवनावरचा भार कमी झाला आणि जे यंत्र सतत बंद पडायचे ते चालू लागले. चाचणीचे आकडे तपासले गेले. मग हीच पद्धत इतर प्रकल्पांनी घेतली आणि एकेक प्रकल्प टप्प्याटप्प्याने सुरू होत गेला. मे २०११ मध्ये राज्यात सरकार बदलले. नव्या सरकारने सामुदायिक प्रकल्पांना २०० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले.

मंडळ दहा वर्षे नोटिसा काढत होते, तेव्हा हेच काम करता आले असते : एक प्रकल्प निवडा, तज्ज्ञ बसवा, पैसा द्या, चालते का ते दाखवा, मग सर्वांना तेच बंधनकारक करा. बंदीच्या धाकाशिवाय उद्योगाने ते केले नाही आणि मंडळाने तशी मागणीच केली नाही.

निष्पत्ती

आज तिरुप्पूरमध्ये १८ सामुदायिक प्रकल्प शून्य विसर्गाने चालतात. त्यांना साडेतीनशेच्या आसपास कारखाने जोडलेले आहेत आणि शंभराच्या आसपास कारखान्यांचे स्वतःचे प्रकल्प आहेत. वापरलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी परत वापरात येते. निर्यात बुडाली नाही. बंदीच्या वर्षी बारा हजार कोटींच्या आसपास असलेली होजिअरी निर्यात २०२१-२२ मध्ये तेहेतीस हजार कोटींच्या पुढे गेली. आता हेच निर्यातदार परदेशी खरेदीदारांना शून्य विसर्गाचा दाखला अभिमानाने दाखवतात.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. सातशेहून अधिक कारखान्यांतले बरेचसे लहान परत उघडलेच नाहीत. ज्यांनी १९९८ चा आदेश पाळून कर्ज काढले, २००७ नंतर पुन्हा काढले, त्यांच्यापैकी काहींना तिसऱ्यांदा काढता आले नाही. प्रकल्पांतून निघणारे मिश्र मीठ, जे रंगाईत परत वापरता येत नाही, ते गोण्यांत भरून शेडमध्ये साठत गेले आहे. त्याची विल्हेवाट अजून नीट लागलेली नाही. बाष्पीभवनासाठी लाकूड आणि कोळसा जळतो. देशात इतरत्र रंगाईला एवढी कडक अट नाही म्हणून आपली मजुरी महाग पडते, ही तिरुप्पूरच्या रंगाईवाल्यांची तक्रार खोटी नाही.

आणि शेतकरी? जमिनीत मुरलेले मीठ न्यायालयाच्या आदेशाने बाहेर येत नाही. ते पावसाने, निचऱ्याने, वर्षांच्या हिशेबात जाते. धरणाच्या तळाचा गाळ आहे, कोइंबतूर-तिरुप्पूरचे घरगुती सांडपाणी अजून नदीत येते. ज्यांनी १९९६ ला याचिका केली त्यांच्यातल्या अनेकांनी कारखाने बंद झालेले पाहिले, गोडी विहीर पाहिली नाही.

काय वेगळे करता आले असते

संमतीपत्र देताना मंडळाने फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता : या आराखड्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस किती असेल आणि तो कसा काढला? उत्तर २१०० च्या वर असेल तर संमती नाही, किंवा मुदत घालून आरओची अट. १९९८ मध्ये कारखान्यांची संख्या गोठवून निदान वाढ तरी थांबवता आली असती.

दंड लिटरमागे लावायचाच होता तर तो शुद्धीकरणाच्या लिटरमागच्या खर्चापेक्षा जास्त हवा होता, आणि पाण्याऐवजी मिठाच्या किलोवर लावला असता तर कमी मीठ वापरणाऱ्या कारखान्याला फायदा झाला असता.

निर्यातदाराला बाजूला ठेवणे मला पटत नाही. किलोमागे ठरावीक शुद्धीकरण आकार निर्यातदाराकडून घेऊन थेट सामुदायिक प्रकल्पाच्या खात्यात भरता आला असता. मग स्वस्त मजुरीसाठी पाणी चोरून सोडणाऱ्याकडे कापड वळवण्यात फायदा उरला नसता.

लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांच्या हाती टीडीएस मीटर देणे हाही साधा उपाय होता. हातात मावणारे, काही हजारांत मिळणारे उपकरण. विहीर आणि कालव्याच्या रोजच्या नोंदी गावाकडे असत्या तर भरपाईचे भांडण इतकी वर्षे चालले नसते.

भरपाई २००४ पर्यंतच्या काळासाठी ठरली. त्यानंतरही सहा वर्षे पाणी जात होते. त्या वर्षांचा हिशेब कारखाने सुरू करण्याच्या अटीत घालता आला असता. कारखाने उघडण्यासाठी उद्योग उतावीळ होता, तेव्हाच ते शक्य होते.

पंचगंगेच्या काठावर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजीत प्रोसेसिंगचा, म्हणजे कापडाच्या रंगाई-ब्लीचिंगचा हाच धंदा आहे, म्हणून हे प्रकरण इथे मांडावेसे वाटले. पंचगंगेचे दुखणे तिरुप्पूरपेक्षा गुंतागुंतीचे आहे. तिच्यात कोल्हापूरचे मैलापाणी येते, साखर कारखान्यांचे पाणी येते आणि इचलकरंजीच्या प्रोसेसर्सचेही येते. नदी वाहती आहे, त्यामुळे पावसाळ्यात दोष वाहून जातो आणि उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यावर मेलेले मासे तरंगतात. खाली शिरोळ तालुका आहे, जसा तिकडे करूर. शहराला प्यायला वारणेचे किंवा दूधगंगेचे पाणी हवे म्हटले की त्या नद्यांकाठच्या दानोळी आणि सुळकूड या गावांच्या बाजूने विरोध होतो, आणि त्या विरोधातला एक प्रश्न असा असतो की तुमची नदी तुम्ही का सांभाळली नाही.

शून्य विसर्गाचा तिरुप्पूरचा साचा उचलून इचलकरंजीत बसवा, असे मी म्हणणार नाही. साखर आणि मैलापाण्यावर तो लागूही पडत नाही. पण प्रोसेसिंगपुरते तीन कागद आजच मागता येतील : सामुदायिक प्रकल्पाच्या आराखड्यात टीडीएस काढण्याची सोय आहे का, प्रकल्पात येणारे आणि बाहेर पडणारे क्षार वर्षभर दरमहा किती होते, आणि संमतीपत्रातल्या मर्यादेशी ते जुळतात का. हे आकडे मंडळाकडे असतातच. माहितीच्या अधिकारात अर्ज केला की मिळायला हवेत.